संध्याकाळची भरती

बेलेंच्या बाजारात एकवीस वर्षं मी खारवलेली कोळंबी विकली.
मीठ पाणी कसं धरतं हे मला कुणी शिकवू नये.
दमट हवेत गोणी आपोआप जड होते,
तराजू खोटं बोलत नाही, गिऱ्हाईक बोलतं.
तरी डॉक्टर तावेर्नार बोट उगारून म्हणाले,
"लुसिदेया, मीठ बंद."
मी मान डोलावली, शाळेतल्या पोरीसारखी.

तीन वर्षं पोटाला चिमटा काढून
पोटासाठीच पैसे साठवले.
हसू नका.
हसले की टाके ओढतात.

जुळ्यांनी आतले स्नायू दोन बाजूंना सारले होते
दाराच्या फळ्यांसारखे,
आणि मधल्या फटीतून एकोणीस वर्षं वारा वाहिला.
आता दार शिवलंय.
पाणी मात्र उंबऱ्याशी तुंबून बसलंय,
कुठल्या वाटेनं जावं ते त्याला कळत नाही.

डॉक्टर सांगतात: पाठ उंच, गुडघे वर, तसंच निजायचं.
आमच्याकडे ह्याला झुला म्हणतात, डॉक्टर,
माझी आई त्यात जन्मली.
चढणं सोपं. उतरायला एदिवान लागतो.
तोच पट्ट्याचे हुक लावतो, चोवीस,
नजर टीव्हीवरच्या सामन्यावर ठेवून,
आणि गोल झाला की एक हुक चुकतो.

दहा दिवस कमरेत वाकून चालले,
दारापासून नळापर्यंत, नळापासून दारापर्यंत.
शेजारच्या झुलेमानं विचारलं,
"जमिनीवर काय हरवलंय गं?"

डोना ओसमारिनाचे हात मांजराच्या पावलांसारखे.
दाबत नाही ती, नुसतं सुचवते:
इकडून जा, काखेकडे जा, जांघेकडे जा.
पाणी ऐकतं तिचं.
माझी एदिलेने कुणाचंच ऐकत नाही,
मानाउसहून फोनवर म्हणाली,
"आई, ह्या वयात कुणाला दाखवायचंय?"
उत्तर ओठांवर आलं होतं.
शिवलेल्या पोटातही अजून जागा आहे, म्हटलं,
आणि तिचं बोलणं पोटात घातलं.

सोळाव्या दिवशी डाव्या कुशीत काहीतरी हललं.
बोटानं टिचकी मारली तर लाट गेली,
पिशवीत आणलेल्या माशाच्या पाण्यासारखी.
रात्रभर जागी.
सकाळी बसनं दवाखान्यात, पोटाशी उशी धरून,
प्रत्येक खड्ड्यावर ड्रायव्हरच्या सात पिढ्यांना आठवत.
नर्सनं सुईनं सत्तर मिली काढलं,
तुकुपीसारखं पिवळं, स्वच्छ.
"होतं असं," ती म्हणाली. "आलात ते बरं केलंत."
एवढ्या वाक्यानं मी रडले.
सुईनं नाही.

आता भिंतीवर दोन कागद आहेत.
एक बंदराचा: भरती किती वाजता, ओहोटी किती वाजता.
दुसरा माझा: सकाळी अठ्ठ्याऐंशी, संध्याकाळी चौऱ्याण्णव,
सकाळी सत्त्याऐंशी, संध्याकाळी पुन्हा त्र्याण्णव.
ज्या दिवशी झुलेमानं खारा मासा तळला
आणि मी "एकच" म्हटलं,
त्या दिवशीचा आकडा मी लिहिलेला नाही.

दोन महिन्यांनी दुकानात गेले,
गोणी उचलायची नाही, फक्त स्टुलावर बसायचं.
कोळंबीवाला सेबास्तियों वाकून बघत म्हणाला,
"बाळसं धरलंस की!"
सूज म्हणजे बाळसं नव्हे, बाबा,
पण तू जुना गिऱ्हाईक-चोर,
तुला काय फरक कळणार.

पाच वाजले की बाजारामागचा चिखल भरतो.
दिवसभर कुशीवर लवंडलेल्या होड्या
एकेक करून सरळ होतात, जरा फुगल्यासारख्या.
माझंही तेव्हाच चढायला लागतं,
बेंबीखाली टणक, बधिर, परक्या बाईचं असावं तसं.
पहिल्या आठवड्यात मी घाबरायचे.
आता गल्ला मोजते, पाय स्टुलावर ठेवते,
कुणी बघत नसेल तर
पट्ट्याचा वरचा एक हुक सैल करते.

एदिवानला सांगू नका.